मुका पंखा

४ फेब्रुवारी

पहिल्या पंख्याची खरी किंमत, पुढे विसरायला नको म्हणून लिहून ठेवतो. निळं प्लॅस्टिकचं पिंप एक. हिचं, पाणी साठवायचं, न विचारता उभं कापलं. भंगारातल्या गाडीच्या पुढच्या चाकाचा हब एक, बेअरिंगसकट. कपडे धुण्याच्या यंत्राची जळकी मोटर एक, कारण ती जाळणारं गिऱ्हाईक परत फिरकलंच नाही. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख. शेजारच्या शिंपीणबाईंचा सकाळचा नमस्कार. पिंपाचा कीस त्यांच्या वाळत टाकलेल्या अस्तरांवर उडाला. आणि हिचं तीन दिवसांचं मौन. रोख फार गेली नाही. बाकीचंच महाग पडलं.

एवढं करून पंखा फिरतो. पिंपाचे दोन अर्धे भाग थोडे सरकवून उभ्या दांड्याला बांधले आहेत. वारा कुठल्याही बाजूने येवो, याला तोंड फिरवावं लागत नाही. माझ्या दुकानासारखंच. कुठलंही गिऱ्हाईक चालायचं.

पण मिनिटाला साठ फेरे म्हणजे काय? गच्चीवर एक दिवा लागला, तोही नव्या नवरीसारखा खाली मान घालून.

९ फेब्रुवारी

डिसेंबरात दुकान विकलं. अडतीस वर्षं लोकांच्या जळक्या मोटरी सोलून पुन्हा तार भरून दिल्या. आता त्या जागेत फोनची कव्हरं लटकतात. घरी बसून पंधरा दिवसांत कळलं की रिकामा माणूस बायकोच्या पायात येतो. म्हणून पंखा. दुसऱ्याचं बिघडलेलं दुरुस्त करण्यात जन्म गेला. एक वस्तू तरी आपली, पहिल्यापासून.

दुकानाबरोबर ठिणगीचं कामही गेलं. ठिणगी म्हणजे हिचा धाकटा भाऊ. वेल्डिंग आणि लेथ, बावीस वर्षं माझ्याकडे. ठिणग्यांची भोकं नाहीत असा शर्ट त्याच्याकडे नाही, लग्नातलासुद्धा. वय एक्कावन्न. दुकान विकलं त्या दिवशी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो होतो, "तुझी सोय मी लावतो." अजून लागलेली नाही. तोवर पंख्याचं काम दोघं करतो. तो मजुरी घेत नाही, आणि मीही आग्रह केलेला नाही.

आज हार्डवेअरच्या दुकानात टाकीवाले भेटले. हवेच्या दाबाच्या टाक्या बनवतात, मोठा कारखाना आहे. म्हणाले, "काय हो, ऐकलं तुम्ही गच्चीवर गिरणी टाकलीय?"

मी म्हणालो, "गिरणी आवाज करते. माझा पंखा मुका असेल. खाली उभ्या माणसाला कळणार नाही की डोक्यावर वीज तयार होतेय."

दुकानात चार माणसं होती. चौघांनी ऐकलं. आता मागे फिरणं नाही.

२३ फेब्रुवारी

नवा घाट ठरला. मध्ये हिचं पिंप तसंच राहील, ते सुरुवातीचा धक्का देईल. बाहेरून तीन उभी पाती, पुरुषभर उंच. लाकडाच्या फासळ्यांवर ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवला, माशासारखा: पुढे गोल, मागे निमुळता. प्रत्येक पातं वर एक आणि खाली एक अशा दोन आडव्या पट्ट्यांवर बसतं, आणि पट्ट्या मधल्या दांड्याला वेल्ड होतात. म्हणजे जोड सहा. या सहा जोडांवर सगळा खेळ. पातं वेगात असताना जोड सुटला तर ते गल्लीत कुणाच्या मानेवर येईल सांगता येत नाही.

ठिणगीने सहाही जोड एका दिवसात केले. काम करताना तो गुणगुणतो. मधमाशी डब्यात कोंडल्यासारखं. आज गुणगुणत नव्हता. विचारलं तर म्हणाला, "गुणगुणतोय की, भावोजी."

मोटरचं काम माझं. आत चुंबकं बसवली, जाड तार काढून बारीक तारेचे जास्त वेढे भरले, म्हणजे कमी फेऱ्यांतही व्होल्ट चढतील.

३ मार्च

आज उभा केला. चार बाजूंनी तारा ताणल्या. अकराच्या सुमाराला वारा सुटला. आधी पिंप हललं, मग पाती, मग पाती दिसेनाशी झाली. चौदा व्होल्ट! बॅटरी भरायला लागली. आणि आवाज? शप्पथ सांगतो, काही नाही. मांजर भिंतीवरून गेल्यासारखं.

ठिणगी म्हणाला, "थोडी फरफर आहे पात्यांची."

म्हटलं, "तुला फरफर ऐकू येते आणि मला नाही? उद्या मला वेल्डिंग शिकवशील."

हसला तो. ही पण वर आली होती. पिंपाकडे बघत म्हणाली, "माझं पिंप चांगलं फिरतंय." तेवढ्यावर तह झाला.

कानांचा विषय निघालाच आहे तर. बाजारात माझी ओळख हातांची नाही, कानांची आहे. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरवर टेकवायचं, मूठ कानाजवळच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे. मोटर आपण होऊन सांगते काय दुखतंय. अडतीस वर्षांत निदान चुकलं नाही. ठिणगी मोटर पुढ्यात ठेवताना नेहमी शंका काढायचा, "भावोजी, मागचं बेअरिंग असेल का?" मी ऐकायचो आणि सांगायचो, "मागचंच." शंका त्याची, निकाल माझा. लोक जुनी मोटर विकत घेण्याआधी माझ्याकडे आणायचे. मी मान हलवली की पैसे मोजायचे.

७ मार्च

फोनची घंटा बिघडली आहे. ही दोनदा पलीकडच्या खोलीतून धावत आली, मी शेजारी बसलो होतो तरी. नवा फोन घ्यायला हवा.

११ मार्च

टिक.

सकाळी गच्चीवर एकटाच होतो, हलका वारा. पंख्याजवळ कान नेला आणि स्पष्ट ऐकलं. टिक. टिक. टिक. कोरडा, बारीक, आतून येणारा. असा आवाज मी शेकडो वेळा ऐकला आहे. धातूला चीर गेली की तो असाच बोलतो, सुरुवातीला हळू, आणि मग एक दिवस एकदम मोठ्याने.

हिला वर बोलावलं. म्हणाली, "मला वारा ऐकू येतोय आणि शिंपीणबाईंचं यंत्र."

"नीट ऐक."

"अहो, तुम्हीच माझं कधी नीट ऐकत नाही. सकाळपासून तीनदा विचारलं, भाजी कुठली आणू."

विचारलं नव्हतं. हल्ली ही पुटपुटते. ही कशाला, सगळेच पुटपुटतात. पूर्वी माणसं तोंड उघडून बोलायची.

१२ मार्च

खालच्या न फिरणाऱ्या बैठकीला स्क्रूड्रायव्हर लावून सहाही जोड ऐकले. टिक सतत आहे, पण वरचा दुसरा जोड समोरून जाताना मूठ घट्ट दाबली की ठळक होते. तोच.

घड्याळ लावून मोजली. जिना चढून आल्या आल्या मिनिटाला अठ्ठ्याण्णव. टेकून बसलो, पाणी प्यालो, पुन्हा मोजली, चौऱ्याहत्तर. पंख्याचे फेरे मात्र दोन्ही वेळा सव्वाशेच्या आसपास. विचित्र आहे. फेऱ्याला एक टिक यायला हवी. बराच विचार केल्यावर उलगडलं: ऊन लागून जोड तापला की चीर उघडते, निवला की मिटते. धातूचं असंच असतं.

१४ मार्च

ठिणगीला वर नेलं. मी डोळे मिटून स्क्रूड्रायव्हर लावला.

"ऐक आता. ही बघ. ही बघ. ऐकलीस?"

उत्तर नाही. डोळे उघडले तर हा दोन्ही हातांनी पातं धरून उभा, आणि माझ्याकडे बघतोय. म्हटलं, "धरलंस कशाला? फिरू दे की."

त्याने हात काढले. तसाच बघत राहिला. चूक सापडलेला माणूस असाच बघतो.

शेवटी म्हणाला, "भावोजी, एकदा डॉक्टरकडे जाऊन येऊ या का? तुम्हाला चढताना दम लागतो."

विषय बदलायला हा कधीपासून शिकला!

१९ मार्च

ठिणगीने वरचा दुसरा जोड घासून काढला आणि पुन्हा केला. बिनबोभाट. झाल्यावर मला म्हणाला, "बघा आता."

टिक आहे.

२१ मार्च

तिसऱ्यांदा केला. या वेळी हात पुसून तो जिन्यावर जाऊन बसला, माझ्याकडे पाठ करून. मी ऐकलं. टिक आहे. त्याला सांगायला जिन्यापाशी गेलो तर म्हणाला, "माहीत आहे."

राग येतो तो याचाच. माहीत आहे आणि कबूल करत नाही.

२४ मार्च

टाकीवाले घरी आले. पंखा बघितला, खाली उभे राहून कान देऊन ऐकलं, म्हणाले, "खरंच की हो. जवळजवळ मुकाच."

मग खुर्ची ओढून घेतली. "एक काम होतं. माझा टाक्या जोडणारा मुख्य वेल्डर निवृत्त होतोय. दाबाची टाकी, म्हणजे तुम्हाला सांगायला नको. तुमचा मेहुणा रिकामा आहे ना?"

"आहे."

"मला तपासण्या घ्यायला वेळ नाही. तुम्ही सांगा, हात कसा आहे? तुम्ही हो म्हणालात तर सोमवारपासून ठेवतो. कायमचा. म्हाताराही होईल माझ्याकडेच."

ही दारात उभी होती, चहाचे कप घेऊन. तिने ऐकलं. तिच्या हातातले कप किंचित वाजले, एवढं मला दिसलं.

काय लिहू? मी जन्मात कुणाच्या मोटरला खोटं प्रमाणपत्र दिलं नाही, सख्ख्या भावाच्यासुद्धा नाही. मेहुणा म्हणून हो म्हणालो आणि उद्या टाकी फुटून चार माणसं गेली तर? डोक्यात टिक वाजत होती. वर पंखा फिरत होता.

म्हणालो, "हात सोन्याचा होता. या घटकेला मात्र माझ्या पंख्यात त्याचा एक जोड बोलतोय. तीनदा केला, तरी बोलतोय. आणि तो मान्य करत नाही."

टाकीवाल्यांनी खुर्ची मागे सारली. मग उठले. "बरं झालं विचारलं. तुमच्या कानांपुढे काय."

खरं बोलल्यावर छाती हलकी होते म्हणतात. झाली नाही. टिक आज फार जोरात आहे.

२५ मार्च

ही बोलत नाही.

२८ मार्च

ही बोलली. मौनच बरं होतं.

समोर येऊन उभी राहिली. हल्ली ती बोलायचं असलं की अशीच समोर येते, फोटो काढायला उभं राहिल्यासारखी. "तुम्ही म्हणाला होतात, तुझी सोय मी लावतो. लावलीत."

"मी खोटं बोलू?"

"बावीस वर्षं त्याने जोडलेल्या किती वस्तू सुटल्या? एक सांगा."

"या वेळी सुटणार आहे. मी ऐकतोय ना!"

"तुम्ही एकटेच ऐकताय. मी नाही, तो नाही, शिंपीणबाई नाहीत. टाकीवाले खाली कान देऊन उभे राहिले, त्यांनाही नाही."

"त्यांचे कान आणि माझे कान एक आहेत का?"

"नाहीत," ही म्हणाली. "तेच म्हणतेय."

मग आत गेली. आतून आणखी काहीतरी म्हणाली, ते पुटपुटणं होतं.

५ एप्रिल

ठिणगी आपण होऊन आला. हातात ग्राइंडर. राम राम नाही, काही नाही. सरळ वर गेला. पंखा खाली घेतला, तारा सोडल्या, दांडा आडवा केला.

"कापा," म्हणाला.

"काय?"

"जोड. बोलणारा. कापून आत बघा. चीर निघाली तर मी या गावात पुन्हा वेल्डिंगला हात लावणार नाही."

"असं बोलू नये रे."

"टाकीवाल्यांना बोलताना आठवलं नाही ते."

मी कापायला धजेना. मग त्यानेच कापला. स्वतःचाच जोड, मधोमध. कापलेलं तोंड कानशीने घासलं, पॉलिशच्या कागदाने चोळलं, आणि माझ्या हातात दिलं. भरीव. आरशासारखं. सुई शिरेल एवढी पोकळी नाही.

मी म्हणालो, "मग शेजारचा असेल."

आत्ता लिहिताना मला माझंच वाक्य ऐकू येतंय. तेव्हा ते वाजवी वाटलं होतं. त्याने शेजारचा कापला. भरीव. मग तिसरा. भरीव. तिसऱ्यानंतर त्याने चष्मा काढून कठड्यावर ठेवला.

"उरलेले तुम्ही कापा, भावोजी. माझ्याने नाही होत."

जिन्यात हिने त्याला थांबवलं. ही म्हणाली, "धाकट्या, जेवून जा." तो म्हणाला, "आज नको, ताई." एवढं स्पष्ट ऐकलं.

११ एप्रिल

सहा दिवस तीन जोडांकडे बघत काढले. आज कापले. हिच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून सहाही तुकडे ओळीने मांडले. खिडकीजवळ नेऊन भिंगातून बघितले. सहाही भरीव.

तरी मनात आलं, चीर पट्टीत असेल. पट्टी त्याने नाही केली, पोलादाच्या कारखान्यातून आलेली आहे. म्हणजे दोष त्या कारखान्याचा. किती बरं वाटलं हा विचार सुचल्यावर! दोन मिनिटं.

१२ एप्रिल

सकाळी गच्चीवर गेलो. पंखा नाही; पाती एका कडेला, दांडा दुसऱ्या, पट्ट्या खाली रचलेल्या. वारा पडलेला. शिंपीणबाईंच्या दोरीवरचं कापडसुद्धा हलत नव्हतं.

टिक. टिक. टिक.

उभा राहिलो. मग कठड्याला टेकून बसलो. टिक हळू झाली. उठून चार वेळा जिना खालीवर केला. टिक जलद झाली. मनगटावर बोट ठेवलं. बोटाखाली एक, कानात एक. बोटाखाली एक, कानात एक. एकाच तालात, इमानदार जोडीसारखे.

बोट बराच वेळ काढलं नाही. ही वर आली, समोर उभी राहिली, माझ्या मनगटाकडे बघितलं आणि काही न विचारता शेजारी बसली. मला तिचं तेव्हाचं न विचारणं सहन झालं नाही.

१८ एप्रिल

कानाचे डॉक्टर. डॉक्टर म्हणजे माझ्या मुलीच्या वयाच्या बाई. बंद खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन, हातात बटण. म्हणाल्या, "काका, आवाज आला की बटण दाबायचं."

बसलो. वाट बघत राहिलो. मधूनमधून एखादा आवाज आला, दाबलं. मग बराच वेळ काहीच नाही. म्हटलं, यंत्र बंद पडलं बहुतेक, सांगावं का यांना, मी दुरुस्त करून देईन. तेवढ्यात दार उघडून त्या म्हणाल्या, "झालं, काका."

कागदावर रेघ दाखवली. डावीकडून सुरू होते आणि उजवीकडे घसरगुंडी. बारीक आवाज जवळजवळ संपले, डाव्या कानातले तर पूर्णच. कामाच्या जागेच्या गोंगाटाने होतं, म्हणाल्या. माझ्या दुकानात अडतीस वर्षं हातोडे आणि ग्राइंडर.

"आणि ती टिक?"

"तुमची नाडी. बाहेरचं ऐकू येणं कमी झालं की माणसाला आतलं ऐकू यायला लागतं. कानाजवळ काही दाबून धरलं की जास्तच. रक्तवाहिन्यांचीही एकदा तपासणी करून घेऊ, पण घाबरण्यासारखं दिसत नाही."

"हे कधीपासून असेल?"

"ही घसरण एका वर्षातली नाही. सहा-सात वर्षं तरी."

घरी येताना ही काही बोलली नाही, किंवा बोलली असेल. मी हिशोब करत होतो. सहा-सात वर्षं. तेवढ्यात किती मोटरी ऐकल्या असतील? आठवड्याला दहा-बारा. एकही निदान चुकलं नाही, हे खरं आहे. वहीत आहे. म्हणजे मी ऐकलंच नाही, तर बरोबर कोण होतं?

"भावोजी, मागचं बेअरिंग असेल का?"

गाढवाने शंका म्हणून उत्तरच पुढ्यात ठेवलं. दर वेळी. आणि मी डोळे मिटून, स्क्रूड्रायव्हर लावून, गिऱ्हाइकासमोर मान हलवायचो.

२० एप्रिल

टाकीवाल्यांकडे गेलो. कचेरीत त्यांचा कारकून होता, दोन गिऱ्हाइकं होती. म्हटलं, बाहेर बोलू या का असं म्हणावं. मग म्हटलं, त्याच्याबद्दल बोललो तेव्हा कोण बाहेर गेलं होतं? सगळ्यांसमोर सांगितलं. जोड चांगले होते, सहाही कापून बघितले, हे घ्या तुकडे. माझे कान गेलेत.

ते तुकडे हातात घेऊन उलटसुलट बघत बसले. "काय काम आहे हो," म्हणाले. "असं काम माझ्याकडे कुणाचं नाही."

"मग?"

"मग काय. जागा भरली. तुमच्याच शब्दावर दुसरा घेतला, बाहेरगावचा. घर बदलून आला तो, बायकामुलं घेऊन. आता त्याला काय सांगून काढू? पुढे जागा निघाली तर बघू."

"पुढे म्हणजे कधी?"

त्यांनी खांदे उडवले. मग जरा वाकून, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "पुढे. कधीतरी."

मी उजवीकडून नीट ऐकतो. एवढं ओरडायची गरज नव्हती. पण आता सगळे असेच बोलणार.

२४ एप्रिल

ठिणगी मोठ्या रस्त्याला फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्याकडे रोजावर लागला आहे. पत्र्याच्या आडोशाखाली उकिडवा बसून काम करत होता. शेजारी त्याच्या निम्म्या वयाचा मालक फोनवर. मी आडोशाच्या बाहेर उभा राहिलो, तो मुखवटा वर करेपर्यंत.

"या," म्हणाला. उठला नाही.

"तुला कळलं होतं ना?"

"काय?"

"नाटक करू नकोस. कधी कळलं?"

त्याने चिमट्याने तापलेला तुकडा बाजूला सरकवला. "पातं धरून उभा होतो तेव्हा. पंखा थांबलेला आणि तुम्ही म्हणताय, ही बघ, ही बघ."

"मग सांगायचं ना, गाढवा! नोकरी वाचली असती तुझी!"

"काय सांगू? माझा जोड चांगला आहे, भावोजी बहिरे झालेत?" तो मालकाकडे बघून आवाज खाली आणायला गेला, मग मला ऐकू येणार नाही हे आठवून पुन्हा वर आणला. "बाजारात तुमचं आहे काय दुसरं? मला वाटलं, आठ दिवसांत तुम्हाला आपणहून कळेल. हुशार माणूस."

"नाही कळलं."

"हुशार माणसाला वेळ लागतो."

मला हसू आलं. त्याला आलं नाही.

"आणि दुकानात? ती बेअरिंगं?"

"ते सोडा."

"सहा वर्षं, ठिणगी."

"म्हटलं ना, सोडा. तेव्हा राग नव्हता. तेव्हा मजा यायची." त्याने मुखवटा हातात फिरवला. "टाकीवाल्यांना तुम्ही जे बोललात ना, भावोजी, त्याचा राग आहे. मी गप्प बसलो तो तुमचं नाव राहावं म्हणून. तुम्ही तेच नाव उचलून माझ्या डोक्यात घातलंत."

मी त्याला पंखा पुन्हा जोडशील का विचारलं. विचारायला नको होतं बहुतेक, पण दुसरं काय मागावं माणसाने.

"रविवारी येईन," म्हणाला. "मजुरी घेईन."

"घे ना."

"आणि तुम्ही खाली बसायचं. ऐकायला वर यायचं नाही."

५ मे

ठिणगी दोन रविवार आला. मी खाली बसलो. ठिणग्या गच्चीच्या कठड्यावरून खाली पडताना दिसत होत्या, आवाज नाही. गुणगुणत होता का, हे हिला विचारलं. ती म्हणाली, "नाही."

पंखा उभा राहिला. मी वर जाऊन सहाही जोड बघितले. डोळ्यांनी. मग हाताने. माशाच्या खवल्यांसारखे एकसारखे, एकावर एक. सगळ्या जन्मात मी त्याच्या कामाला हात लावून बघितला नव्हता, कान लावायची घाई.

जाताना हिने दाराशी त्याला पैसे दिले. त्याने ते मोजून घेतले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. पाणी प्याला, उभ्यानेच.

१९ मे

दोन दिवस चांगला वारा. काल पूर्ण दिवस चौदा व्होल्टच्या खाली काटा आला नाही. जिन्यातला, गच्चीतला आणि हिच्या स्वयंपाकघरातला दिवा, तिन्ही पंख्यावर. ठिणगी अजून जाळ्याच जोडतो. टाकीवाल्यांकडे जागा निघालेली नाही. मी दर सोमवारी जाऊन विचारतो, कारकून मला बघितलं की लांबूनच हात हलवून नाही म्हणतो. कान तपासणाऱ्या बाईंनी यंत्र सुचवलं आहे. घेईन.

आज सकाळी वारा आणखी वाढला म्हणून तारांचा ताण बघायला शिडी लावून चढलो. पंख्याच्या अगदी जवळ. पाती दिसत नव्हती एवढा वेग, आणि कसलाही आवाज नाही. मनात म्हटलं, काही झालं तरी एक बोललो ते खरं करून दाखवलं. मुका म्हणालो, मुकाच आहे. टिक तेवढी होती, पण ती आता माझी मला माहीत.

ही वर आली. शिडी हलवली, मी खाली बघेपर्यंत थांबली, आणि तोंडाशी हात नेऊन ओरडली, "अहो, तेल घाला त्याला! वरचं बेअरिंग कालपासून किंचाळतंय! गल्लीत लोकांनी खिडक्या लावून घेतल्यात!"

बघितलं, तर खरंच समोरच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या. शिंपीणबाई दोन्ही कानांवर हात ठेवून दारात उभ्या होत्या.

बेअरिंग माझ्या उजव्या कानापासून हातभर लांब होतं.